दुसऱ्या ओळीसाठी थांबलेला

१

गूढकथा लिहिणाऱ्या माझ्या तमाम बंधुभगिनींनो, कविता करून बघा. सल्ला फुकट आहे आणि मनापासूनचा आहे. फक्त ती कुठं बसून करायची आणि मोठ्यानं म्हणायची की मनात, एवढं मात्र खालचं वाचून ज्याचं त्यानं ठरवा.

मी चन्नप्पा. चौऱ्याहत्तर साली मी अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या कारखान्यात गोडाऊनवर होतो. मागावरून उतरलेली प्रत्येक चादर टेबलावर पसरायची, तिच्यातला तुटका धागा किंवा चुकलेली नक्षी शोधायची आणि ठीक असेल तर घडी घालून ढिगावर ठेवायची, हे माझं काम. दिवसभर दोष शोधून डोळ्यांना अशी खोड लागली होती की लग्नात जेवायला बसलो तरी मी आधी पत्रावळीचे टाके तपासायचो. संध्याकाळी सायकल मारत बाळी वेशीतल्या घरी यायचं, जेवायचं आणि गूढकथा लिहायची.

लिहिण्याची मला कधी अडचण आली नाही. अडचण होती ती ऐकणाऱ्याची. माझी बायको हेमावती रोज हौसेनं समोर बसायची आणि तिसऱ्या पानावर घोरायला लागायची. बारा वर्षांत माझ्या एकाही कथेचा शेवट तिच्या कानावर पडलेला नाही. वर सकाळी म्हणायची, "तुमचा आवाज लई गोड हाय बघा. कसली झोप लागती की." पुण्याच्या मासिकाचे संपादक तरी शेवटपर्यंत वाचतात, अशी माझी समजूत होती. त्या वर्षी त्यांनी ओळीनं तीन कथा परत पाठवल्या. तिसरीबरोबर चिठ्ठी होती : 'आपले भूत फार बोलते.'

चिठ्ठी वाचून मी हसलो, पण आतून फार लागलं. मला नाव नको होतं, हारतुरे नको होते. एका माणसानं, एकाच, माझं म्हणणं शेवटपर्यंत जागं राहून ऐकावं, एवढंच हवं होतं.

२

बंदेनवाज आमच्याच कारखान्यात नक्षीचे पत्ते पंच करायचा. चादरीवर मोर उमटायचा असेल तर त्या मोराची भोकं आधी जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर पाडावी लागतात. ती हा पाडायचा. उरलेल्या वेळात तो शायर होता. दर रविवारी सकाळी विजापूर वेशीजवळच्या एका हॉटेलाच्या माडीवर त्याच्यासारखे आठ-दहा जण जमायचे आणि एकमेकांना ऐकवायचे. तिथं कोणी झोपत नाही, असं तो मुद्दाम मला सांगायचा.

जेवणाच्या सुट्टीत कारखान्याबाहेरच्या लिंबाखाली मी त्याला चिठ्ठी दाखवली. त्यानं माझ्या डब्यातली कडक भाकरी मोडली, शेंगाची चटणी लावली आणि चिठ्ठी दोनदा वाचली.

"बराबर लिख्या है," तो म्हणाला. "चन्नप्पा, तुझ्या भुताकडं राशनकार्ड असतंय. नाव, गाव, बाप कोण, मेलं कसं, सगळं लिवलेलं. मग भ्यायचं कशाला? आपणच जाऊ की त्याच्या घरी चहाला."

"मग काय करू? सोडून देऊ लिहायचं?"

"नक्को. शेर लिख. दोन ओळी. दोन ओळीत भूत मावत नाही, नुसती त्याची चाहूल मावती. तुमी भुताच्या गोष्टीवाल्यांनी सगळ्यांनी सहा म्हयने शेर लिवले पायजेत. सरकारनं कायदाच कराया पायजे."

मला यमक जुळत नाही, मात्रा कळत नाहीत, असं मी म्हणालो. त्यावर त्यानं मागांच्या शेडकडं बोट केलं. "माग ऐक की. दिवसभर ताल धरून बसलाय बिचारा. त्याच्यावर शब्द टाकत जा, आपोआप बसतील."

हे मात्र खरं निघालं. तीन दिवस मी चादरी तपासता तपासता मागाच्या खटखटीवर शब्द टाकत राहिलो आणि सोमवारी सकाळी एक ओळ बसली :

कुलूप माझे, किल्ली माझी, माझे आहे घर

एवढी साधी ओळ, पण मला इतका आनंद झाला की हातातली चादर मी दोष न बघताच ढिगावर टाकली. दुसरी ओळ काही सुचेना. पण ती दुपारपर्यंत सुचेल, असा माझा भरवसा होता.

३

आमचं गोडाऊन म्हणजे शेडच्या मागची लांबलचक खोली. वर पत्रा, डाव्या हाताला उंचावर दोन खिडक्या, आणि दारापासून मागच्या भिंतीपर्यंत चादरींचे ढीग. काही माणसाच्या डोक्यावर जाणारे, काही कमरेइतके. मधून एक माणूस जाईल एवढी वाट. माझं टेबल दाराजवळ. साडेबाराला भोंगा झाला की माग थांबत, आणि थांबले की कान काही वेळ रिकामेच राहत. माणसं बाहेर झाडाखाली जात. मी पाच मिनिटं मागं राहायचो, हातातली घडी पुरी करायला.

त्या सोमवारी माग थांबले. ओळ ओठावर होतीच. कशी वाटते बघू म्हणून मी ती मोठ्यानं म्हटली.

"कुलूप माझे, किल्ली माझी, माझे आहे घर."

अगदी मागच्या भिंतीकडून, ढिगांच्या पलीकडून कुणीतरी तीच ओळ परत म्हटली. सावकाश, चव घेत. आवाज जाडा नाही, बारीक नाही, तोंडावर चादर घेऊन बोलल्यासारखा. तिन्ही ठिकाणच्या 'माझे-माझी'वर जरा जोर दिलेला.

मी दचकलो आणि लगेच हसलो. बंदेनवाज. आधीच आत येऊन लपला असणार. माझी ओळ त्याला आवडली याचाच मला जास्त आनंद झाला. दुसरी ओळ माझ्याकडं नव्हती, पण ते कबूल करायला मी काय नवशिका होतो? मासिकवाले आम्ही. लोकांना उत्सुक करून मधेच सोडायचं, हा आमचा धंदाच. मी डबा उचलला आणि ढिगांकडं बघून ऐटीत म्हणालो, "पुढची ओळ उद्या. इथंच. थांबा."

बाहेर आलो तर बंदेनवाज लिंबाखाली बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती आणि त्याची अर्धी भाकरी संपलेली होती.

४

मी त्याला सगळं सांगितलं. तो काही हसला नाही, त्यामुळं मीच हसलो.

"आवाज घुमला असेल," मी म्हणालो. "मोठी खोली आहे, पत्रा आहे."

"चल," तो म्हणाला.

आम्ही गोडाऊनच्या दारात उभे राहिलो. त्यानं जोरात टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथंच संपली. मग त्यानं हाक मारली, तीही चादरींनी गिळली. एवढा कापूस रचलेल्या खोलीत आवाज घुमत नाही, हे मला इतकी वर्षं तिथं काढून कळायला हवं होतं.

"त्यानं मिसरा उठवला तुझा," बंदेनवाज हळू म्हणाला. "आमच्यात रीतच हाय. शायरनं पैली ओळ म्हटली की ऐकणारे ती उचलून परत म्हणतेत. म्हंजे काय? म्हंजे आमी ऐकायलोय, आता दुसरी दे. मग शायरनं दुसरी द्यायचीच. पाव्हण्याला पाटावर बसवून ताट न वाढता उठतंय का कोणी?"

"मी म्हणालो, उद्या."

"काय म्हणालास?"

"पुढची ओळ उद्या. इथंच थांबा, म्हणालो."

त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला कपडे नीट आहेत ना, हे तपासावंसं वाटलं. "चन्नप्पा," तो म्हणाला, "दुसरी ओळ लिख बाबा. लवकर लिख."

मंगळवारी दुसरी ओळ नव्हती. मी मन घट्ट केलं. कालचं जे काही होतं ते चटणीचं होतं, असं स्वतःला पटवलं. शेंगाची चटणी जास्त झाली की मला कानात दडे बसतात. खात्री करायची म्हणून माग थांबल्यावर मी ओळ पुन्हा म्हटली. ती उठवली गेली. या वेळी मागच्या भिंतीकडून नाही. अर्ध्या वाटेवरून.

मी पळालो नाही. दोष शोधणाऱ्या माणसाला आधी दोष दिसतो, भीती नंतर वाटते. अर्ध्या वाटेवर कमरेइतका एक ढीग होता, सकाळीच मी रचलेला, वरून सपाट. आता त्याची वरची चादर मधे दबलेली होती, कोणी मांडी घालून बसल्यावर दबते तशी. मी हात लावला. लाटणं फिरवल्यासारखा तो भाग गुळगुळीत झाला होता, आणि ऊब होती. खिडकीतून ऊन येत असेल म्हणून मी खिडकीकडं बघितलं. ऊन दुसऱ्या भिंतीवर होतं.

बुधवारी तसाच खळगा टेबलापासून चौथ्या ढिगावर होता.

५

गुरुवारी मी ठरवलं, तोंडच उघडायचं नाही. ना मी म्हणणार, ना कोणी उचलणार. साधा हिशेब होता. भोंगा होताच बाहेर पडावं असंही वाटलं होतं, पण ज्या गोडाऊनवर पोट आहे त्याला पाठ दाखवून किती दिवस चालेल, असाही विचार आला. मालकाला काय सांगणार होतो? गोडाऊनमध्ये एक रसिक आहे म्हणून?

भोंगा झाला. माग एकेक करून थांबले. शेवटचा एक माग थोडा वेळ एकटाच खटखटत राहिला, मग तोही थांबला. मी टेबलाशी बसून डबा उघडला आणि मोठा घास तोंडात कोंबला. तोंड भाकरीनं भरलेलं होतं. म्हणजे बोललो तो मी नव्हतो, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

"कुलूप माझे," माझ्या पाठीमागून, दोन हातांवरून आवाज आला. "किल्ली माझी. माझे आहे घर."

आणि मग तो थांबला. ते थांबणं मी कधी विसरणार नाही. आवाजाची मला तितकी भीती वाटली नाही, त्या थांबण्याची वाटली. कोणीतरी कान देऊन बसलं होतं. श्वास धरून, मान जराशी पुढं करून, मी पुढं काय म्हणतो याची वाट बघत होतं. आयुष्यभर मी ज्याच्यासाठी झुरलो ते मिळालं होतं आणि माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं.

मी घास न गिळताच बाहेर आलो. त्या दिवशीचं उरलेलं काम मी टेबल दाराबाहेर ओढून केलं. उजेड कमी पडतो, असं सगळ्यांना सांगितलं. बाहेर रणरणतं ऊन होतं.

६

संध्याकाळी घरी पोचलो. दाराला कुलूप होतं. मी सायकल भिंतीला लावली, किल्ली काढली, कुलूप उघडून हातात घेतलं आणि दार ढकललं. दार हललं नाही. आतून कडी होती.

"थांब जरा," आतून आवाज आला. "क्षणभर."

मी थांबलो. आता तुम्ही मला वेड्यात काढाल, पण बारा वर्षं संसार केलेला माणूस आतून 'थांब' आलं की थांबतो, त्यात विचार करत नाही. हेमावतीनं डोकं धुतलं असेल, टॉवेल गुंडाळला असेल, म्हणून आवाज असा कापडातून आल्यासारखा येतोय, इथपर्यंत मी लावून टाकलं. ती मला 'थांबा' म्हणते, 'थांब' नाही, हे ध्यानातच आलं नाही. भिंतीला टेकून मी हातातल्या कुलपाशी चाळा करत राहिलो.

"हितं का उभारलाय ओ?"

हेमावती गल्लीच्या तोंडाकडून येत होती. हातात झाकलेलं ताट.

"तू कुठं होतीस?"

"कोपऱ्यावरच्या निंगव्वाकडं. शेंगाच्या पोळ्या करायला बोलिवली होती की. तासभर झाला." तिनं माझ्या हातातलं कुलूप बघितलं. "उघडलाय तर आत का जाईनात?"

ती मला बाजूला सारून पुढं झाली आणि खांद्यानं दार ढकललं. दार सहज उघडलं. आमच्या दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं, स्वयंपाकाच्या खोलीत कोणी नव्हतं. खाटेवर घडी घातलेली चादर होती. तिच्याकडं मी बघितलं नाही. बारा महिने चोवीस तास दोष शोधणारा मी, त्या एका चादरीकडं बघायची मला छाती झाली नाही.

जेवून वही उघडली तर दुसरी ओळ लिहावी लागलीच नाही. ती नुसती उतरवून घ्यायची होती.

कुलूप माझे, किल्ली माझी, माझे आहे घर
आत तरीही कुणी म्हणाले, 'थांब जरा क्षणभर!'

मात्रा मोजल्या. बरोबर होत्या. "ऐक गं," मी म्हणालो. हेमावती "हं, म्हणा की" म्हणाली आणि मी वहीतून मान वर करेपर्यंत घोरायला लागली. पोळ्या लाटून दमली होती बिचारी.

७

शुक्रवारी मी बंदेनवाजला गोडाऊनमध्ये घेऊन गेलो. एकट्यानं जायचा धीर नव्हता, आणि हे मी त्याला तोंडानं सांगितलं. त्यानं माझा हात दाबला.

साडेबाराला माग थांबले. आम्ही दोघं टेबलाशी उभे राहिलो. सगळ्यात जवळच्या ढिगाची वरची चादर मधे दबलेली होती. बंदेनवाजनं ती बघितली आणि टोपी सारखी केली, मैफलीत करतात तशी.

"हं," तो म्हणाला. "इर्शाद. म्हण."

मी पहिली ओळ म्हटली. बंदेनवाजनं रीतीप्रमाणं ती उचलली, "कुलूप माझे, किल्ली माझी, माझे आहे घर." त्याचा आवाज मी चांगला ओळखतो. त्याच्याबरोबर तीच ओळ दुसऱ्या आवाजातही चालली होती, शब्दाला शब्द लावून. त्याचं म्हणून संपलं आणि दुसरं किंचित नंतर संपलं.

बंदेनवाजच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. नुसता म्हणाला, "आता दुसरी दे, चन्नप्पा. लवकर."

मी दुसरी ओळ म्हटली.

कोणी वाहवा केली नाही. मग त्या ढिगातून एक लांब सुस्कारा आला, पोटभर जेवल्यावर येतो तसा. आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत ती दबलेली चादर हळूहळू वर आली. आधी कडेनं, मग मधे. कोणीतरी सावकाश, पाय मोकळे करत उठावं तशी. मधल्या वाटेनं मागच्या भिंतीपर्यंत ढिगांच्या कडा एकेक करून किंचित हलल्या. मग सगळं थांबलं.

"गया," बंदेनवाज म्हणाला. त्यानं कपाळ पुसलं. "समाधानानं गेला बघ. शेर चांगला झालाय. रवीवारी माडीवर म्हण. तितं मान्सं असतेत." हे शेवटचं त्यानं जरा हळू म्हटलं, आणि तो गेला. इतका झपाट्यानं जाताना मी त्याला आधी कधी बघितलं नव्हतं.

मी एकटा राहिलो. सुटलो होतो. आता रोज निवांत डबा खायचा, निवांत घड्या घालायच्या. त्यानंतर मी लिहिलेल्या कथेतलं भूत एक शब्द बोलत नाही, आणि ती पुण्याच्या संपादकांनी ठेवून घेतल्याचं परतीच्या डाकेनं कळवलं, हेही इथंच सांगून टाकतो. बंदेनवाजचा सल्ला सोळा आणे खरा होता.

पण त्या दुपारी मला आनंद झाला नाही. सपाट ढिगावरून मी उगाच हात फिरवला. चार दिवस एका ओळीसाठी कोणी माझ्याजवळ सरकत सरकत आलं होतं. झोपलं नाही, जांभई दिली नाही, परत पाठवलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि उठून गेलं. परत येईल का? कशाला येईल?

सुट्टी संपल्याच्या भोंग्याला दोनच मिनिटं होती. सकाळपासून एक ओळ डोक्यात घोळत होती. तिची जोडीदारीण अजून सुचायची होती, कधी सुचेल त्याचाही पत्ता नव्हता. मला सगळं कळत होतं. रीत कळत होती, मागचे चार दिवस कळत होते, घरातली खाटेवरची चादर कळत होती. तरी मी दार लावून घेतलं, गोडाऊनच्या मागच्या भिंतीकडं तोंड केलं आणि नीट, स्पष्ट आवाजात म्हणालो :

"दोन कपांचा चहा मांडला, आलो एकटाच."

ओळ कोणी उचलली नाही. फक्त माझ्या कोपराजवळच्या ढिगावरची चादर हळूच दबली.